‘निवडणूक होऊ द्या, मग बोला’ असं कोणी घरी येऊन सांगितलं तर

प्रश्न असा आहे: ‘नागपुरात मानेवाडा रोडच्या मागच्या एका लेआउटमध्ये राहतो. घरात आजोबांपासून मत एकाच पक्षाला. यंदा त्या पक्षाने ज्याला तिकीट दिलं तो आधी आमच्याच प्रभागाचा नगरसेवक होता. त्याच्या काळात गल्लीत सिमेंट रस्ता झाला, तो घराच्या जोत्यापेक्षा उंच. तेव्हापासून जोराचा पाऊस आला की पाणी आमच्या हॉलमध्ये. हे मी चार लोकांत बोललो, तर पक्षाचे बूथवाले घरी आले. म्हणाले, निवडणूक होऊ द्या, मग बोला. आत्ता बोललात तर समोरच्याचा फायदा होईल. बाबाही म्हणतात गप्प बस. आपल्याच पक्षाच्या उमेदवारावर ऐन निवडणुकीत टीका करावी की नाही?’

करावी, आणि ऐन निवडणुकीतच करावी. निकालानंतरच्या टीकेला कोणी भाव देत नाही, हे तुमच्या घरी आलेल्या त्या बूथवाल्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

मी नागपुरात बरीच वर्षं निवडणुकीचं काम केलंय. चिठ्ठ्या वाटणारा पोट्टा म्हणून सुरुवात झाली, मग पोलिंग एजंट, बूथप्रमुख, पुढे उमेदवारांची प्रचार कार्यालयं सांभाळली. कोणत्या पक्षाची ते लिहीत नाही. या बाबतीत सगळे एकाच माळेचे मणी आहेत.

प्रचार कार्यालयात मतदारयादी कशी वापरतात ते आधी सांगतो. यादीच्या पानापानावर बूथवाला घरनिहाय खुणा करतो: आपलं घर, समोरच्याचं घर, आणि मधलं. कोणी रंगीत पेन वापरतो, कोणी अ-ब-क लिहितो, आता पोरं मोबाईलवर करतात, पण रकाने तेच तीन. समोरच्याच्या घरात वेळ घालवायचा नसतो. आपल्या घरातही घालवायचा नसतो. तिथं चिठ्ठी पोचवायची आणि मतदानाच्या दिवशी दुपारी ‘काकाजी, झालं का?’ एवढा फोन करायचा. उमेदवाराचा वेळ, कार्यकर्त्यांची पायपीट, मोठ्या नेत्यांच्या भेटी, सगळं त्या मधल्या घरांसाठी. तुमच्या घरावर आजोबांच्या काळापासून ‘आपलं’ अशी खूण आहे. पक्क्या मतदाराकडे कोणी फिरकत नाही, कारण तो जाणार कुठं?

आता बघा, तुम्ही चार लोकांत बोललात आणि बूथवाले घरी आले. याआधी कधी आले होते, नाली तुंबली तेव्हा? ते आले याचा अर्थ त्यांच्या यादीत तुमचं घर मधल्या रकान्यात सरकलं. तुम्हाला वाटलं आपल्याला दटावलं. माझ्या मते तुमच्या घराला बऱ्याच वर्षांनी किंमत आली.

रात्री दहाला भोंगे बंद झाले की कार्यालयात बूथप्रमुखांची बैठक बसते. कागदावर आलुबोंडे, चहाचे कप, आणि एकेक जण आपल्या बूथचा हाल सांगतो. एखाद्या घरातून तक्रार आली असेल तर तो म्हणतो, ‘अमका नाराज आहे, समजूत काढून घेतो.’ विषय तिथंच संपतो. दुसऱ्या दिवशी दोन माणसं जाऊन समजूत काढतात, तुमच्याकडे आली तशी. पण त्याच गल्लीतली सहा-सात घरं एकच गोष्ट बोलली की तोच बूथप्रमुख म्हणतो, ‘भाऊ, गल्ली नाराज आहे.’ गल्ली म्हटलं की उमेदवार मान वर करतो आणि उद्याच्या पदयात्रेचा रस्ता बदलतो. मी हे इतक्या बैठकांत पाहिलंय की मला त्यात आता गंमतही वाटत नाही. म्हणून एकटे बोलू नका. पाणी तुमच्याच हॉलमध्ये शिरत नसणार.

समोरच्याच्या फायद्याचं म्हणाल, तर ती भीती अगदी पोकळ नाही. 2019 च्या विधानसभेत दक्षिण नागपुरात मोहन मते 4,013 मतांनी निवडून आले, मध्य नागपुरात विकास कुंभारे 4,008 मतांनी. मतदारसंघात तीनशेच्या आसपास बूथ धरले तर बूथमागे तेरा-चौदा मतं होतात. म्हणजे तीन-चार घरं. हा आकडा डोक्यात असलेला बूथप्रमुख तुमच्या तोंडाला घाबरणारच. पण हाच हिशोब तुमच्या बाजूनेही मांडता येतो: एवढ्याशा फरकावर जिथं आमदारकी ठरते, तिथं तीन-चार घरांचं म्हणणं ऐकायला उमेदवाराला वेळ काढावाच लागेल. आणि लाखाच्या फरकाने निघणाऱ्या जागेवर तर ‘तुमच्यामुळे पडू’ हे बोलणंच हास्यास्पद. तिथं पक्षाला धोका नसतो, फक्त उमेदवाराच्या मानपानाचा प्रश्न असतो.

पक्षाचं खरं नुकसान बोलणाऱ्या मतदाराने झालेलं मी क्वचित पाहिलंय. नुकसान करतो तो काही न बोलता घरी बसणारा. विधान परिषदेचा नागपूर पदवीधर मतदारसंघ घ्या. गंगाधरराव फडणवीस, मग 1989 पासून 2014 पर्यंत नितीन गडकरी, त्यानंतर अनिल सोले; भाजपला ही जागा हातची वाटायची. 2020 मध्ये सोलेंऐवजी तेव्हाचे महापौर संदीप जोशी यांना उमेदवारी दिली आणि काँग्रेसचे अभिजित वंजारी निवडून आले. पराभवाची कारणं ज्याने त्याने सोयीने सांगितली. त्यातली खरी किती, यावर मी वाद घालणार नाही. पण पक्षाच्या स्वतःच्या मतदारांकडून प्रचारात मला मोठी कुरकुर ऐकू आली नव्हती. जे काही होतं ते मतपेटीतच निघालं, आणि तोवर दुरुस्तीची वेळ गेलेली. कुरकुर आधी ऐकू आली असती तर निदान कोणीतरी घरोघर फिरलं असतं.

शिवाय ‘पक्षशिस्त’ हा शब्द मतदाराला ऐकवणाऱ्यांनी आधी आपल्याकडे बघावं. डिसेंबर 2021 मध्ये विधान परिषदेची नागपूरची स्थानिक स्वराज्य संस्थांची निवडणूक झाली, म्हणजे जिथं नगरसेवकांसारखे निवडून आलेले लोकच मत देतात ती. काँग्रेसने भाजपमधून आलेल्या छोटू भोयर यांना उमेदवारी दिली आणि मतदानाच्या आदल्या दिवशी पाठिंबा काढून अपक्ष मंगेश देशमुख यांना दिला. निकाल लागला तेव्हा चंद्रशेखर बावनकुळे यांना 362, देशमुखांना 186 आणि भोयर यांना 1 मत. पक्ष आपल्याच उमेदवाराला आदल्या रात्री सोडू शकतो, आणि मतदाराने पंधरा दिवस आधी रस्त्याच्या उंचीबद्दल विचारलं तर मात्र घात?

उमेदवारांचं तर बोलायलाच नको. बनवारीलाल पुरोहित नागपुरातून 1984 आणि 1989 ला काँग्रेसचे खासदार झाले आणि 1996 ला भाजपचे. आशीष देशमुख 2014 ला काटोलातून भाजपचे आमदार, 2019 ला दक्षिण-पश्चिम नागपुरात काँग्रेसचे उमेदवार, 2024 ला सावनेरातून पुन्हा भाजपचे आमदार. यात मी कोणाला दोष देत नाही. पक्ष बदलणं हा त्यांचा हक्क आहे आणि लोकांनी त्यांना मतंही दिली. पक्षांतरबंदीचा कायदा 1985 पासून आमदार-खासदारांना लागू आहे, तुम्हाआम्हाला नाही. तुम्ही कोणाच्या व्हिपखाली नाही आहात. सदस्य असाल तर गोष्ट थोडी निराळी, पण कोणे एके काळी सदस्य व्हायला मिस्ड कॉल दिला होता म्हणून कोणी शिस्तभंगाची भाषा करत असेल तर हसून सोडा. बंडखोरांना सहा वर्षांसाठी निलंबित करतात आणि पुढच्या निवडणुकीआधी हार घालून परत घेतात, हे आपण सगळे पाहून राहिलो आहोत.

आता टीका कशी करायची, हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक लोक इथंच फसतात. एक प्रसंग सांगतो. पूर्व नागपुरातली एक वस्ती, विधानसभेची निवडणूक, संध्याकाळची कॉर्नर सभा. उमेदवार त्याच वस्तीचा लाडका, गल्लीच्या तोंडाशी फटाक्याची लड लावलेली. तो माइक घेणार तेवढ्यात समोरच्या घरातली एक काकू सात-आठ बायांना घेऊन पुढे आली.

‘भाऊ, भाषण मंग करजा. आधी घरात या.’

कार्यकर्ते आडवे व्हायला लागले, पण उमेदवार शहाणा, गेला. मीही मागून गेलो. दाराशी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात भरलेली वाळू, आत फ्रिजच्या चार पायांखाली विटा, दिवाणाखाली विटा, भिंतीचा रंग गुडघ्यापर्यंत पोपडे धरून सुटलेला. काकू रडली नाही की ओरडली नाही.

‘मत आम्ही तुम्हालेच देत आलो. आता एवढं सांगा, नाली कोन्या बाजूनं काढनार अन् पानी कुठं सोडनार?’

‘काकू, होऊन जाईल, मी आहे ना,’ असं म्हणायला उमेदवाराने तोंड उघडलं आणि त्याच्याच लक्षात आलं की हे त्या प्रश्नाचं उत्तर नाही. त्याने तिथंच एका इंजिनिअरला फोन लावला, स्पीकरवर. इंजिनिअर म्हणाला, त्या बाजूला उतारच नाही, पाणी मागच्या मोकळ्या भूखंडाकडून काढावं लागेल, आणि तो भूखंड नासुप्रचा, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचा आहे. उमेदवार म्हणाला, आत्ता आचारसंहिता आहे, मला काही मंजूर करता येत नाही.

‘मंजूर नका करू, सांगा त,’ काकू म्हणाली.

शेवटी तो सगळ्यांसमोर म्हणाला की मागच्या भूखंडातून नाली काढायला नासुप्रची परवानगी लागेल, ती मी आणीन. सभेत दहा मिनिटं भाषण झालं, पण वस्तीत दुसऱ्या दिवशी चर्चा त्या फोनचीच. तो निवडून आला. नाली त्या पावसाळ्यात नाही झाली, पुढच्या पावसाळ्याआधी झाली, तीही दोनदा अडकून, आणि दर वेळी काकू त्याला तो फोन आठवून द्यायची. मत तिनं कोणाला दिलं मला माहीत नाही. ते विचारायचं नसतं.

तिची टीका चालली, कारण तिच्या प्रश्नाला ‘होऊन जाईल’ हे उत्तर बसत नव्हतं. ‘तुम्ही काय केलं?’ विचारा, उमेदवार कामांची छापील यादी पुढे करेल. ‘तुम्ही आमच्याकडे लक्ष देत नाही’ म्हणा, तो हात जोडेल. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव भरून वाहिला, नागनदीचं पाणी डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत रातोरात शिरलं, आणि पुढच्याच वर्षी लोकसभा आणि विधानसभा आल्या. ‘पुरात तुम्ही कुठं होता?’ याचं उत्तर कोणत्याही उमेदवाराला पाठ असतं. सांडव्याचं काम कुठवर आलं, नदीची भिंत कोण बांधणार आणि कधी, हे विचारलं की त्याला फाईल उघडावी लागते. तुमच्या बाबतीतही ‘रस्ता उंच का केला?’ यात आता फार अर्थ नाही, रस्ता झालाय. पाणी कुठून काढणार ते विचारा.

आणि ज्याच्या हातात जे आहे तेच त्याला विचारा. गल्लीतली नाली महापालिकेचं काम, लेआउट नासुप्रकडे असेल तर आरएल (भूखंड नियमित झाल्याचं पत्र) आणि डिमांड नोट (त्यासाठी भरायच्या पैशांची नोटीस) यांचा घोळ तिकडचा. आमदाराला तुम्ही निधी आणि पाठपुरावा विचारू शकता. खासदाराला गल्लीतल्या नालीबद्दल विचारलं तर तो नगरसेवकाकडे बोट दाखवून मोकळा होतो, आणि त्या वेळी तो बरोबरही असतो.

बूथवाल्यांची एक गोष्ट मात्र मी मानतो. व्हिडिओ काढू नका. तुमचा दोन मिनिटांचा प्रश्न समोरचे लोक पंधरा सेकंदांचा करून तुमच्याच तोंडून चालवतात, वर गाणं लावतात, आणि मग उमेदवार तुमचं ऐकायचं सोडून तुम्हाला खोटं ठरवायच्या मागे लागतो. नालीचा विषय तिथंच बुडतो. तोंडावर विचारा, शेजाऱ्यांच्या साक्षीने विचारा. तुमच्या पक्षाचा विजय तुम्हाला हवाच असेल तर टीकेची तीच पद्धत परवडते. नको असेल तर अर्थात तुमची मर्जी.

कामावर बोला, घरच्या गोष्टींवर नको. बायको-पोरं, जात, कोण कोणासोबत बसतो, हे काढलं की तुमचा रस्ता बाजूला पडतो. तेली-कुणबी-हलबा अशी गणितं चौकाचौकात चालतात, ती टीका नव्हे. उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल निवडणुकीवर परिणाम व्हावा म्हणून जाणूनबुजून खोटं पसरवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 175 खाली गुन्हा आहे, अब्रुनुकसानीचं कलम वेगळं. म्हणून आलेला मजकूर खात्री न करता पुढे ढकलू नका, तो आपल्या उमेदवाराविरुद्ध असो की समोरच्या. उलट कोणी तुम्हाला धमकावून गप्प करत असेल, पाणी तोडू, बघून घेऊ असं म्हणत असेल, आणि तो दबाव तुमच्या मतावर असेल, तर तेही कलम 171 मध्ये येऊ शकतं. नुसतं ‘गप्प बसा ना भाऊ’ म्हणणं त्यात बसत नाही, तेवढं चालतं आपल्याकडे.

बोलण्याआधी उमेदवाराचं शपथपत्र वाचा. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर लोकसभा-विधानसभेचं मिळतं: गुन्हे, मालमत्ता, सरकारी देणी. लोक मालमत्तेचा आकडा बघून थांबतात. मी देण्यांचा रकाना आधी बघतो, त्यात माणूस जास्त कळतो. गुन्हे प्रलंबित असलेल्याला तिकीट दिलं तर का दिलं, स्वच्छ माणूस का मिळाला नाही, हे पक्षाने जाहीर करायचं असतं, आणि ‘निवडून येतो म्हणून’ एवढंच कारण चालत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी 2020 चा आदेश आहे. जे न्यायालयाने पक्षाला विचारलं ते मतदाराने विचारलं तर आभाळ कोसळत नाही.

वेळेबद्दल थोडं. खरी आरडाओरड ए-बी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे कागद, निघण्याआधी करायची असते, इच्छुकांच्या मुलाखती चालू असताना. पंधरा-वीस घरांच्या सह्यांचं पत्र तेव्हा शहराध्यक्षाच्या टेबलावर पडलं तर तिकीट कापलं जाऊ शकतं, हे मी पाहिलंय. तुमची ती वेळ गेली. अर्ज मागे घ्यायची तारीख उलटली की माणूस बदलत नाही, त्याने काय कबूल करायचं एवढंच बदलू शकतं. आणि प्रचार थांबल्यानंतरच्या त्या शेवटच्या 48 तासांत काही बोलून उपयोग नाही. उमेदवार तेव्हा झोपेत चालत असतो.

एवढं करूनही माणूस पटला नाही तर? महापालिकेच्या निवडणुकीत तुमच्या हातात एक सोय आहे, ती लोक विसरतात. 2017 ला नागपुरात 38 प्रभागांत 151 जागा होत्या, म्हणजे जवळजवळ सगळे प्रभाग चार जणांचे. अशा प्रभागात अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची. पक्ष सांगतो पॅनल टू पॅनल, म्हणजे चारही मतं आपल्यालाच. तुम्ही तीन जागांवर आपल्या पक्षाला देऊन चौथ्यावर दुसऱ्याला किंवा नोटाला देऊ शकता. निकालानंतर आम्ही बूथनिहाय आकडे घेऊन बसतो, तेव्हा एकाच बूथवर पॅनलमधल्या तिघांना चांगली मतं आणि एकालाच कमी दिसली की कोणाला सांगावं लागत नाही काय झालं ते. पक्षाला कळणारी याहून स्पष्ट भाषा मला ठाऊक नाही. विधानसभेत एकच मत असतं, तिथं हा निर्णय जड जातो. तो तुमचा तुम्ही घ्या. मी कोणाला मत कुठं द्यायचं ते सांगत नाही.

राहिला बाबांचा प्रश्न. त्यांच्या पिढीने पक्षासाठी भिंती रंगवल्या, स्वतःच्या खिशातून चहा पाजला. त्यांना टीका म्हणजे घरातलं भांडण चव्हाट्यावर आणणं वाटतं, आणि त्यांच्या जागी ते चूक नाहीत. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांनाच सोबत न्या. जुन्या कार्यकर्त्याला उमेदवार ‘काकाजी’ म्हणून आधी पाया पडतो, आणि पाया पडलेल्या माणसाला टाळाटाळ करणं जरा कठीण जातं. प्रश्न बाबांना विचारू द्या. पावसातल्या पाण्याचे फोटो मोबाईलवर दाखवू नका, छापून न्या, मागे तारीख आणि घर क्रमांक लिहून. एक संच उमेदवाराच्या हातात द्या. दुसरा अर्जाला जोडून महापालिकेच्या झोन कार्यालयात द्या आणि त्यावर पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासकट. निवडून कोणीही येवो, त्याच्याकडे जाताना ती पोच लागणारच आहे.